तुकोजी-कंप

अनिरुद्धरावांच्या घरातला काँप्युटर दिवाळीपासून अडखळत होता आणि त्याला कारण खुद्द अनिरुद्धराव होते. पण तंजावरच्या त्या घरात हे सांगायची सोय नव्हती. पाटबंधारे खात्यातून सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालेला माणूस. कावेरीचं पाणी कुठल्या कालव्यात किती सोडलं याच्या फायली त्यांनी छत्तीस वर्षं वर-खाली केल्या आणि एकाही कालव्यात पाय भिजवला नाही. अशा माणसाला यंत्रातलं सगळं कळतं, कारण यंत्र उलट बोलत नाही.

काँप्युटर संथ चालतो म्हणून त्यांनी इंटरनेटवर फुकट मिळणारा, वेग वाढवण्याची हमी देणारा एक प्रोग्राम त्यात घातला. त्याने काही वेग वाढेना, म्हणून दुसरा घातला. हे दोघे नीट काम करतात की नाही यावर नजर ठेवायला तिसरा घातला. सरकारी खात्यात असंच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कनकलताबाईंनी पूजेच्या वेळी नेहमीचं गणपतीस्तोत्र लावलं, तर गाणारा "ग-ग-ग-ग" करून तिथेच थांबला, दम घेतला, आणि दोन शब्द पुढे जाऊन पुन्हा अडकला.

"काँप्युटरला थंडी वाजते का हो?" कनकलताबाईंनी विचारलं. त्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि नवऱ्याच्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण कधी देत नसत.

अनिरुद्धरावांनी उपाय सुरू केले. आधी स्पीकरची वायर बदलली. मग स्पीकरच बदलले. फ्रिज करंट ओढून घेतो असा शोध लावून टेबल फ्रिजच्या भिंतीपासून उचलून खिडकीशी नेलं. त्या खटपटीत त्यांची कंबर धरली ती आठवडाभर सुटली नाही. नंतर डब्याचं झाकण काढून आत सायकलच्या पंपाने हवा मारली, तेव्हा आतली धूळ बाहेर येऊन कनकलताबाईंच्या वाळत घातलेल्या तांदळाच्या वडामांवर, म्हणजे सांडग्यांवर, बसली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. ते तीन प्रोग्राम मात्र आत सुखाने नांदत होते. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःवर घेणं, आणि तशी प्रथा अनिरुद्धरावांकडे नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर ही घरगुती कटकट झाली असती आणि लोकांच्या कानावर आली नसती. पण त्याच सुमारास सरस्वती आत्यांनी चिपळ्यांचा विषय काढला.

या चिपळ्या तुकोजी भागवतरांच्या. तुकोजी म्हणजे अनिरुद्धरावांचे आजोबा. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. तंजावरच्या परिसरात, तिरुवैयारुपासून ओरत्तनाडुपर्यंत, ते मराठीत कीर्तन करत आणि ज्यांना मराठीचं अक्षरही येत नसे तेही शेवटपर्यंत बसून राहत. त्यांचं नावाड्याचं आख्यान नामांकित होतं. रामाला गंगेपार न्यायला आलेला नावाडी आधी पाय धुऊ दे म्हणून अडून बसतो, तिथे अण्णा एक पद म्हणत: "धुऊ दे पाय रघुवीरा, मग सोडीन नाव रे." अण्णा गेले तेव्हा अनिरुद्धराव जेमतेम सहा वर्षांचे होते. त्यांचे वडील ट्रेझरीत कारकून, गाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. गाणं गेलं ते धाकट्या काकांकडे आणि काकांकडून त्यांच्या मुलाकडे, म्हणजे हनुमंतरावांकडे. हे चुलतभाऊ पलीकडच्याच गल्लीत राहत. "थोरल्या घरी आकडे गेले, धाकट्या घरी गाणं गेलं," असं लग्नामुंजीत कोणीतरी हसत म्हणे आणि अनिरुद्धरावांचे वडील मान खाली घालून पानातला भात कालवत राहत. अनिरुद्धराव ते विसरले नव्हते. या एका गोष्टीत त्यांची कीव करायला हरकत नाही. बाकी कशात करू नये.

अण्णांची धाकटी मुलगी सरस्वती आत्या, वय शहाऐंशी. चिपळ्या त्यांच्या कपाटात. अण्णांचं गाणं मोठेपणी ऐकलेलं एवढं एकच माणूस आता उरलं होतं. त्यांनी सुनेकरवी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवलं, की अण्णांच्या साठाव्या पुण्यतिथीला नावाड्याचं पद जो अण्णांसारखं म्हणेल त्याच्या घरी चिपळ्या जातील, कायमच्या. ग्रुपवर एकशे चाळीस माणसं होती. एकशे अडतीस जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दोघांना झोप लागली नाही.

हनुमंतरावांकडे वडिलांनी शिकवलेलं गाणं होतं. अनिरुद्धरावांकडे गाणं नव्हतं, पण खुद्द अण्णा होते. कोण्या पाहुण्याने अण्णांचं कीर्तन स्पूलच्या टेपवर घेतलं होतं, त्याची पुढे कॅसेट झाली, कॅसेटची सीडी झाली, आणि ती सीडी अनिरुद्धरावांच्या कपाटात इन्शुरन्सच्या कागदांखाली होती. "अण्णांचा आवाज फक्त माझ्याकडे आहे," असं ते वीस वर्षं सांगत आले होते. सांगण्यात इतका वेळ गेला, की ऐकायचं राहूनच गेलं. ती सीडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लावली ती त्या अडखळणाऱ्या काँप्युटरवर.

"धु-धु-धुऊ दे पाय," अण्णा म्हणाले, आणि थांबले. "र-र-रघुवीरा."

कनकलताबाई भाजी चिरत होत्या. त्या म्हणाल्या, अण्णांनाही थंडी वाजू लागली. पण अनिरुद्धरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बायकोचं स्तोत्र अडखळलं तर काँप्युटर बिघडलेला; पण अण्णा अडखळले तर त्यात काहीतरी असणारच. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि त्यांना अर्थ सापडला. समोर साक्षात राम उभा, त्याच्या पायाला हात लावायचा, मग नावाड्याचा कंठ दाटणार नाही तर काय होणार? अण्णा नावाडीच झाले होते.

पुन्हा लावलं तर अण्णा "धुऊ"वर अडले नाहीत, "सोडीन"वर चार वेळा अडले. कनकलताबाईंनी सुरी खाली ठेवली. मघाशी वेगळं होतं हे त्यांनी निदर्शनास आणलं.

"तोच तर मनोधर्म," अनिरुद्धराव म्हणाले. "थोर गवई एकच ओळ दोनदा सारखी गात नाहीत."

"टेपमध्ये?"

अनिरुद्धरावांनी स्पीकरसमोर मोबाइल धरला, श्वास रोखला, आणि अण्णा सर्वांत भावपूर्ण अडखळले तेव्हाचं रेकॉर्डिंग करून ते चेन्नईला मुलीकडे, वाणीकडे धाडलं. स्वतः अनिरुद्धराव गायला बसले की शेजारची गाय दावं ओढत असे, तेव्हा गाणार वाणी हे ठरलेलंच होतं. वाणी चेन्नईत एका कंपनीत प्रोग्राम तपासायच्या नोकरीला होती आणि गळ्यात सूर होता. तिचा तासाभरात फोन आला.

"अप्पा, फाइल अडकते बघा. सीडी नीट कॉपी जाली नसेल."

"अण्णांच्या पाठांतरास फाइल म्हणू नकोस."

वाणीने आणखी दोनदा विचारलं. एकदा तिने सगळे अडखळे मोजून, कुठे किती सेकंदांचे ते लिहून पाठवलं. अनिरुद्धरावांनी ते वाचलं आणि मुलगी किती बारकाईने अभ्यास करते म्हणून कौतुक केलं. गुरूच्या मुखातून आलं तसंच, अक्षराचाही फरक न करता म्हणायचं, याला तिकडे पाठांतर म्हणतात आणि त्यापुढे शहाणपण चालत नाही. अण्णांच्या वहीत बघावं तर वही मोडीत. या पिढीत देवनागरीच मोजक्यांना येते, तिथे मोडी कोण वाचणार? वाणीने सुस्कारा टाकला आणि "धु-धु-धुऊ" बसवायला घेतलं.

अनिरुद्धरावांना यश पचत नसे. त्यांनी त्या अडखळण्याला "तुकोजी-कंप" असं नाव दिलं, पुण्यतिथीच्या पत्रिकेत तमिळमध्ये आणि देवनागरीत छापून घेतलं, त्यावर दीड पानाचं टिपण लिहिलं, आणि टिपण, पत्रिका आणि ते रेकॉर्डिंग तिन्ही ग्रुपवर टाकलं. धाकट्या घराला एकदाचं कळू दे, अण्णा कोणाच्या घरी आहेत ते. पुन्हा एकशे अडतीस हात जोडले गेले. रेकॉर्डिंग दोघांनीच उघडलं. एक हनुमंतराव. दुसऱ्या सरस्वती आत्या. त्यांना सून रोज सकाळी कॉफीबरोबर अण्णा लावून देऊ लागली.

असे पाच महिने गेले. पुण्यतिथी दुसऱ्या दिवसावर आली, वाणी रजा घेऊन घरी पोचली, आणि कनकलताबाईंनी जाहीर केलं की पाहुण्यांसमोर त्यांचा गणपती तोतरा बोललेला त्यांना चालणार नाही. त्यांनी स्वतःच भरद्वाजला फोन केला. हा आपल्यांतलाच, तंजावरी मराठी; जुन्या बसस्टँडजवळ त्याचं काँप्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तो मोपेडवरून आला, खुर्चीवर बसला, आणि पाच मिनिटांत त्याने विचारलं, "मामा, हे तिघे कोण?"

अनिरुद्धरावांनी तिघांची कामं समजावून सांगितली. भरद्वाजने अदबीने ऐकून घेतलं. "शरी मामा, बरं. पण हा पहिला दर दोन सेकंदांस सगळं तपासतो. दुसरा पहिल्याला तपासतो. तिसरा दोघांवर नजर ठेवतो. तिघांत गाणं म्हणायला वेळ कोणास आहे?"

त्याने तिघांना काढून टाकलं आणि काँप्युटर बंद करून चालू केला. कनकलताबाईंचा गणपती एका दमात सगळं म्हणाला. त्या खूश होऊन भरद्वाजसाठी कॉफी आणायला आत गेल्या. भरद्वाजने आत असलेली अण्णांची सीडीही सहज लावली.

"धुऊ दे पाय रघुवीरा, मग सोडीन नाव रे."

साधा, भरदार, वाहता आवाज. कुठे थांबणं नाही, कापणं नाही. नावाडी हट्टाने, थोडा हसतच मागत होता, आणि मागे चिपळ्या नेमक्या मात्रेवर पडत होत्या. वाणी दारात उभी राहून ऐकत होती. पद संपलं तरी ती हलली नाही. मग तिने शांतपणे बापाकडे बघितलं. तिच्या जागी कनकलताबाई असत्या तर शांतपणा नसता.

अनिरुद्धरावांनी भरद्वाजला घाईने वाटेस लावलं आणि दार लोटलं. कुणासही सांगू नकोस, ते म्हणाले. पत्रिका छापली गेली होती, टिपण एकशे चाळीस जणांकडे पोचलं होतं, आत्या रोज ऐकत होत्या. उद्या कंपासकटच म्हणायचं.

"मी नाही म्हणणार," वाणी म्हणाली. "पाच महिने बिघाड पाठ केलों, अप्पा. आता अण्णांस ऐकलों. आता कशास तसं म्हणू?"

त्यांनी तिला घराण्याची, ट्रेझरीतल्या आजोबांची, चिपळ्यांची, सगळ्यांची शपथ घातली. तिने पेनड्राइव्हवर ते गाणं उतरवून घेतलं आणि ती झोपायला निघून गेली.

पुण्यतिथीला राजवीथीवरच्या मठात माणसं जमली. सगळे तमिळमध्ये बोलत होते आणि आपलं मराठी कसं शुद्ध राहिलं आहे याची एकमेकांना ग्वाही देत होते. सरस्वती आत्या पुढच्या खुर्चीत, मांडीवर रेशमी फडक्यात गुंडाळलेल्या चिपळ्या. अनिरुद्धरावांचा जीव त्या फडक्यात होता. त्यांच्या मनात एकच आशा होती: हनुमंतराव सरळ म्हणतील, आणि ऐन वेळी वाणीला बापाची दया येईल.

आधी हनुमंतराव उठले. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि तोंड उघडलं.

"धु-धु-धु-धु-धुऊ दे पाय," ते म्हणाले, आणि थांबले. कपाळावर घाम आला होता. "र-र-र-र-रघुवीरा."

ग्रुपवरच्या रेकॉर्डिंगपेक्षा दरवेळी दोन जास्त. माणसाने पाच महिने दार लावून घेतलं असलं पाहिजे. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कुणीतरी टिपणातलं वाक्य पाठ म्हणून दाखवलं की नावाड्याचा कंठ दाटला आहे. अनिरुद्धराव अर्धवट उठले. हे चूक आहे असं ओरडायला त्यांचा घसा शिवशिवत होता, पण चूक म्हणावं तर ती छापून वाटली कोणी? ते खाली बसले आणि त्यांनी लांबून वाणीला बोटं दाखवली: पाच. तू पाच वेळा म्हण.

वाणीने बोटांकडे पाहिलं नाही. तिने पद सरळ म्हटलं, काल ऐकलं तसं, वाहतं, थोडं हसरं. लोक एकमेकांकडे बघू लागले. चेन्नईला राहून भाव गेला, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. ती संपवून बसली तेव्हा हात जोडल्याचं एकही चित्र पडलं नाही.

सरस्वती आत्यांनी तिला जवळ बोलावून गालावरून हात फिरवला. "गळा चोख आहे, बाळ. पण ते अण्णांचं नव्हे. मी रोज सकाळी ऐकतें न." मग त्यांनी फडकं सोडलं आणि चिपळ्या हनुमंतरावांच्या ओंजळीत ठेवल्या. "तूच एक म्हटलास बघ. अगदी अण्णा उभे केलास."

जेवणाची पंगत बसली तेव्हा दोघे चुलतभाऊ योगायोगाने शेजारी आले. पानावर दह्यात कालवलेली डांगरपच्चडी वाढली गेली, भात आला, तरी अनिरुद्धरावांचा हात चालेना. अखेर त्यांनी मान न वळवता विचारलं, "काका असंच म्हणत होते का रे? चार-चारदा?"

हनुमंतरावांनी भाताला आळं केलं. चिपळ्या त्यांच्या मांडीवर होत्या.

"नाही," ते म्हणाले. "बाबा सरळ म्हणायचे. मीही चाळीस वरुषं सरळच म्हटलों. तू धाडलास ते ऐकलों तेव्हा कळलं, बाबा चुकत होते." त्यांनी डोळे पुसले. "तुझा उपकार जाला, अनिरुद्धा. नाही तर तसाच चुकीचं म्हणत मेलों असतों."

खरं सांगायची ती वेळ होती. काकांचं पाठांतर चोख होतं, चूक फुकट मिळालेल्या तीन प्रोग्रामांची होती, एवढी दोन वाक्यं. शेजारचा माणूस आपल्या मेलेल्या बापाला चुकीचा ठरवून भात कालवत होता. अनिरुद्धरावांनी तोंड उघडलं. समोरून वाढपी सांबार घेऊन आला, आणि त्यांनी सांबार मागून घेतलं.

वाणी त्याच संध्याकाळी चेन्नईला गेली. पेनड्राइव्ह तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. चार दिवसांनी हनुमंतरावांनी पोरांसाठी वर्ग सुरू केला, आणि रोज संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतून दहा-बारा गळे एकदम "धु-धु-धु-धु" करू लागले. लोक कौतुकाने उभे राहून ऐकत. आत्यांना खुर्चीतून तिकडे नेत.

अनिरुद्धरावांनी खिडकी लावून घेतली, काँप्युटर चालू केला आणि अण्णांना लावलं. अण्णा एका दमात पाय धुवायला मागून नाव सोडून मोकळे झाले. अनिरुद्धरावांनी पुन्हा लावलं. हाताने मांडीवर ताल धरला, तर "धु"पाशी हात आपोआप थांबला आणि अण्णा पुढे निघून गेले.

"आता कुठे अडकत नाही न?" कनकलताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

"मग तोंड कशास असं केलांत?"

त्यांनी फोन उचलला आणि भरद्वाजला लावला. ते तिघे प्रोग्राम परत घालायला ये, त्यांनी सांगितलं, आजच ये. पलीकडून भरद्वाज म्हणाला की मामा, मग गाणं पुन्हा अडखळेल.

"अडखळू दे बाबा," अनिरुद्धराव हळू आवाजात म्हणाले. "असं सरळ म्हणून अण्णा चुकतात."